राणी आमच्या गावातून गेलीच नव्हती

आम्हाला आमच्या इतिहासाच्या गुरुजींनी फसवलं. मला फसवलं, माझ्या वडिलांना फसवलं, आणि आता माझ्या तेरा वर्षांच्या मुलीलाही फसवलं, जिला त्यांनी कधी पाहिलेलंसुद्धा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे, आणि ते वाचून कुणी त्यांना माफ करायला लागू नये.

उळवीची जत्रा संपली की आमच्या जोयडा तालुक्यात परीक्षेचा उन्हाळा सुरू होतो. जत्रेहून परतणाऱ्या बैलगाड्या रामनगरच्या रस्त्यावरून निघून जातात, त्यांची धूळ दोन दिवस झाडांच्या पानांवर बसून राहते, आणि मग पोरं पुस्तकं घेऊन ओसरीवर येतात. काजूची बोंडं गळून झाडाखाली आंबायला लागलेली असतात, त्या वासाने डोकं जड होतं. फणसाला बोटाएवढ्या कुयऱ्या लागलेल्या असतात. दुपारी रानात कुठेतरी पाचोळा पेटवलेला असतो आणि त्याचा धूर वहीच्या पानापानात शिरतो. मला अजून कोरं पान हुंगलं की धुराचाच वास येतो.

आणि याच दिवसांत धरणाचं पाणी उतरतं. गणेशगुडीच्या वरच्या अंगाला, जिथे पावसाळ्यात नुसतं पाणीच पाणी असतं, तिथे काठाकाठाने तांबडा चिखल उघडा पडतो. आधी ओला, मग भेगाळलेला. बुडालेल्या झाडांचे काळे खुंट वर येतात. मग एखादं जोतं दिसतं, एखाद्या विहिरीचं तोंड. पाणी फारच खाली गेलं तर आमची खरसोळी दिसते. खरसोळी म्हणजे माझ्या वडिलांचं गाव. मी तिथे जन्मले नाही. मी रामनगरात जन्मले, धरणासाठी उठवून आणलेल्या लोकांच्या वस्तीत. खरसोळी मी फक्त उन्हाळ्यात पाहिली आहे, चिखलाने माखलेली.

यंदा पाणी फार खाली गेलं. माझी मुलगी अक्षता यंदा सातवीला. हे दोन्ही एकाच वेळी झालं नसतं तर कदाचित हा लेख लिहावा लागला नसता.

मी कंदांचा आणि कोकमाच्या सोलांचा धंदा करते. डोक्यावर पाटी घेऊन आठवडी बाजारात बसण्यापासून सुरुवात केली, आज माझा स्वतःचा टेम्पो आहे. गुंद गावाच्या बाजूची कितीतरी घरं कोनफळं आणि करांदे मलाच घालतात. कारण मी भाव पाडते, पण माल बघून पाडते. न बघता मी कधी काही घेतलं नाही. कंद हातात घ्यायचा, नखाने साल खरवडायची, आतला रंग बघायचा, मगच तोंड उघडायचं. ही सवय मला बाजाराने लावली असं लोकांना वाटतं. बाजाराने नाही लावली. शाळेने लावली, आणि ज्यांनी लावली त्यांनी स्वतः ती पाळली नाही. माझं भांडण हेच आहे.

गुरुजी खानापूरकडचे. आम्ही पाचवीला गेलो त्या वर्षी ते आमच्या शाळेत आले आणि सातवी होईपर्यंत तिन्ही वर्षं त्यांनीच आम्हाला समाज विज्ञान शिकवलं. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं एका माणसाकडे. खिशाला दोन पेनं असायची, एक निळं, एक लाल. मान जराशी तिरकी करून बोलायचे. पुस्तकं कानडीतून मराठीत आणलेली, त्यातली वाक्यं इतकी लांब की सुरुवात कुठे झाली ते शेवटाला आठवायचं नाही. गुरुजी पुस्तक उघडायचेच नाहीत.

पाचवीच्या पहिल्या तासाला त्यांनी टेबलावर एक पळी ठेवली. जुनी, लोखंडी, कुणाच्या तरी चुलीजवळून उचललेली. म्हणाले, ही कुणाची ते मला ठाऊक नाही, तुम्ही तिलाच विचारा. आम्ही हसलो. त्यांनी पळी हातोहात फिरवली. ती सगळीकडून सारखी नव्हती, एका बाजूची कड घासून घासून पातळ झाली होती. मी म्हटलं, हे उजव्या हाताचं माणूस आहे, आणि भांड्याच्या तळाला खरवडतंय. तळाला खरवडतंय म्हणजे भांड्यात फार उरत नसणार.

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग फळ्यावर लिहिलं: झीज खोटं बोलत नाही.

ते वाक्य मी आजही रोज वापरते. तागडीच्या दांडीकडे बघताना, पोत्याच्या शिवणीकडे बघताना, समोरच्या व्यापाऱ्याच्या चपलेकडे बघताना.

सहावीत राजे आले. राजांचा मला कंटाळा होता, पण गुरुजींनी शाळेच्या अंगणात भाताच्या कोंड्याने अख्ख्या देशाचा नकाशा काढला आणि आम्हाला त्यात उभं केलं. मी दिल्लीवर उभी होते. वारा आला की कोंडा उडायचा आणि गुजरात पुसट व्हायचा, मग ते पुन्हा वाकून भरायचे. काळी नदी डिग्गीला उगम पावते तिथून कारवारला समुद्राला मिळते तिथपर्यंत त्यांनी एक लांब निळी सुतळी टाकली, आणि मध्येच एका ठिकाणी तिला गाठ मारली. म्हणाले, हे धरण. तुमच्यापैकी किती जणांची घरं या गाठीखाली आहेत? वर्गातले निम्मे हात वर गेले, त्यांत माझाही होता. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी ही गोष्ट मोठ्याने विचारली होती. आमच्या घरात ती कुणी विचारत नसे.

नागरिकशास्त्राच्या तासाला त्यांनी ग्रामसभा भरवली. मी अध्यक्ष झाले, कारण आदल्या दिवशी मी अर्ध्या वर्गाशी बोलणी करून ठेवली होती. कुणाला मधल्या बाकावर जागा, कुणाला माझी गणिताची वही. गुरुजींना ते कळलं. रागावले नाहीत. म्हणाले, "ही पोर दिल्लीवर उभी राहिली होती, उद्या दिल्ली विकून येईल."

हे मी का लिहिते आहे? वाईट मास्तर असते तर मी त्यांना केव्हाच विसरून गेले असते. वाईट मास्तर पुष्कळ झाले. त्यांची नावंही आठवत नाहीत.

सातवीच्या उन्हाळ्यात, अशाच जत्रेनंतरच्या दिवसांत, पाणी असंच खाली गेलं होतं. गुरुजी आम्हाला काठावर घेऊन गेले. चिखल पायाला गरम लागत होता. खरसोळीत जिथे एक ओढा पूर्वी नदीला मिळायचा, तिथे सात मोठे दगड ओळीने उभे होते, माणसाच्या कमरेएवढे. प्रत्येकाच्या मध्यावर चारी बाजूंनी एक खोल खाच होती, आत अगदी गुळगुळीत. आम्ही त्या खाचेत बोटं फिरवली. गुरुजी म्हणाले, यांच्याबद्दल कुठल्याच पुस्तकात काही नाही. ज्यांचं गाव होतं त्यांनी घरी विचारून या, लिहून आणा. दहा मार्क.

ते दहा मार्क माझ्यासाठी काय होते ते सांगते. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांनी मला सांगितलं होतं की सातवीत पहिली आलीस तर आठवीला घालतो, नाहीतर रानात चल. थट्टा करत नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीला त्यांनी रानात नेलंच होतं. आणि वर्गात पहिली येण्यात माझ्या आणि एका मुलाच्या मध्ये एक-दोन मार्कांचं अंतर असायचं, कधी इकडे, कधी तिकडे.

आबा ओसरीवर केवणीच्या झाडाच्या सालीची दोरी वळत बसले होते. मी विचारलं, त्या सात दगडांना खाचा कशाच्या? त्यांचे हात थांबले, पण वर पाहिलं नाही.

"दगड हायत," ते म्हणाले. "दगडाला काय इतिहास असतोय?"

"गुरुजींनी विचारलंय."

"मग त्यास्नी सांग, काय न्हाई त्यात."

मी दोन दिवस मागे लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात उगारला, म्हणून मी फणसाच्या मुळावर जाऊन बसले आणि स्वतःच लिहिलं. एक राणी होती. शत्रूपासून पळत खरसोळीला आली. नदी ओलांडताना तिने हातातल्या सात बांगड्या काढून सात दगडांना घातल्या, मी परत येईन तेव्हा घेईन म्हणाली, आणि आलीच नाही. बांगड्या गेल्या, पण त्यांच्या खुणा राहिल्या. शेवटी लिहिलं की हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं.

बारा वर्षांच्या मुलीने एका दुपारी बनवलेलं हे खोटं आहे. मी ते इथे कबूल करते आहे, छापून, माझ्या नावाखाली. कबूल न करता दुसऱ्याकडून जाब मागायला मला लाज वाटते.

गुरुजींनी वही वाचली. मान तिरकी केली. मग लाल पेनाने आठ लिहिलं.

"दहा का न्हाई?" मी विचारलं.

"राणी आली कुठून ते नाही लिहिलंस."

"गोव्याकडनं."

"कुणापासून पळाली?"

"ते आबांना आठवत न्हाई."

ते हसले. आठावर काट मारून दहा केले. सौदा म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं: समोरच्याला जे विकत घ्यायचंच आहे ते त्याला विकायचं. खाचेत बोट फिरवून मला त्यांनी एकदाही विचारलं नाही की बांगडीने दगड झिजतो का. पळीला विचारायला शिकवणाऱ्या माणसाने दगडाला काही विचारलं नाही.

त्या रविवारी ते आमच्या घरी आले. मी विहिरीवरून येत होते, तर ओसरीवर आबांच्या शेजारी गुरुजी बसलेले. मला वाटलं, संपलं, रानात जायचं. मी मागल्या दाराने घरात शिरले आणि ताकाचा तांब्या बाहेर ठेवून परत पळाले. बराच वेळ आबांचा आवाज येत होता. आबा एवढं बोलताना मी कधी ऐकले नव्हते. शब्द कळत नव्हते, आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. गुरुजींच्या मांडीवर छोटी डायरी होती, ते लिहीत होते.

सोमवारी वर्गात ते काहीच बोलले नाहीत. आबाही काही बोलले नाहीत. मला वाटलं, आबांनी मला सांभाळून घेतलं. मार्क तसेच राहिले. मी पहिली आले. आठवीला गेले, दहावीपर्यंत शिकले. आज मी कानडीत अर्ज लिहिते, मराठीत भांडते आणि बेळगावच्या व्यापाऱ्याला त्याच्याच कागदातली चूक दाखवते, ते त्या दोन मार्कांच्या जोरावर.

वर्षं गेली. गुरुजींची बदली झाली, मग निवृत्ती. मध्ये कधीतरी त्यांनी आमच्या भागाच्या इतिहासाचं पुस्तक लिहिलं असं कानावर आलं. मी वाचलं नाही, धंद्यात होते. मग गणेशगुडीला नदीत होड्या घालणारे पाहुणे यायला लागले, जंगलात राहायच्या जागा झाल्या, आणि त्यांच्या स्वयंपाकघरांना आमचे कंद हवे झाले. अशाच एका ठिकाणी मी करांद्यांची पोती उतरवत होते तेव्हा व्हरांड्यातली पाटी दिसली. सात बांगड्यांचे दगड. खाली राणीची सगळी गोष्ट, गोव्याकडून पळून येण्यासकट. तिथला मॅनेजर पाहुण्यांना हात हलवून सांगत होता की ही इथल्या लोकांची हजार वर्षांची आठवण आहे.

मी त्याला खोडलं नाही. उलट त्याला म्हटलं की हे करांदे त्याच राणीच्या गावचे, आणि भाव चढवला. हेही कबूल.

आता यंदाचं. अक्षताच्या शाळेत प्रकल्प आला: आपल्या परिसरातील एक ऐतिहासिक स्थळ. पाणी खाली गेलेलं, दगड दिसत होते, तिने तेच निवडले. मी म्हटलं दुसरं काहीतरी घे. तिने ऐकलं नाही. माझ्यावर गेली आहे. पुस्तक घ्यायच्या आधी ती आजाकडे गेली. आणि ज्या माणसाने माझ्यावर हात उगारला होता, त्याने नातीला सांगितलं. ऐंशीला टेकलेत आबा. कदाचित आता लाज झिजली असेल.

श्रावणात जुना तांदूळ सरायचा आणि नवं पीक यायला अवकाश असायचा. तेव्हा खरसोळीची माणसं रानातून कडू कंद खणून आणायची. ते तसेच खाल्ले तर घसा जळतो, पोट उलटतं. राख घालून उकडायचे, काप करायचे, वेताच्या पाटीत भरायचे आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात एक दिवस, एक रात्र ठेवायचे, म्हणजे कडूपणा निघून जातो. पावसात ओढ्याला ओढ असायची. पाटी वाहून गेली तर त्या घराची चूल पेटायची नाही. म्हणून प्रत्येक घराने एकेक दगड धरला होता, आणि केवणीची दोरी त्याला गुंडाळून पाटी बांधायची. आज्या-पणज्यापासून त्याच जागी, त्याच दगडाला. खाच दोरीने पडली आहे.

सात दगड म्हणजे सात घरं. अक्षताने वहीत लिहून घेतलं: पहिला दगड आमचा. दुसरा आबांच्या चुलत्याचा. तिसरा एका एकट्या बाईचा, जिला रानात जाववत नव्हतं. बाकीची घरं आपल्या पाटीतून मूठमूठ तिच्या पाटीत टाकायची, न बोलता, ती समोर नसताना. उरलेले चार दगड कुणाचे ते उद्या सांगतो, आबा म्हणाले. आज दमलो.

अक्षताने तेवढंच लिहून वही दिली. वही परत आली ती लाल होऊन. दहापैकी तीन. खाली शेरा: चुकीची माहिती. संदर्भ पुस्तक पाहून पुन्हा लिहावे.

मी शाळेत गेले. कशी गेले असेन ते मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. अक्षताच्या टीचर तरुण आहेत, घाबरल्या, पण जागा सोडली नाही. म्हणाल्या, "अक्का, तुमची मुलगी हुशार आहे. पण तिनं ऐकीव लिहिलंय. हे बघा, पुस्तकात नावासकट आहे."

त्यांनी गुरुजींचं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. राणी होती. बांगड्या होत्या. आणि खाली लिहिलं होतं की ही हकिकत लेखकाला खरसोळीचे जाणते शेतकरी सोमा यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली.

सोमा म्हणजे माझे आबा.

मी बाजारात आजवर कुणासमोर हरले नव्हते, त्या खोलीत हरले. काय सांगणार होते? की हे खोटं माझं आहे? टीचर माझ्याकडे दयेने बघत होत्या, त्यांना वाटलं मला वाचता येत नसावं. मी पुस्तक दोन दिवसांसाठी मागून घेतलं.

दुपार टळली होती. आबा ओसरीवर दोरी वळत होते, अजून वळतात, आता तिचा उपयोग काही नाही. अक्षता शेजारी बसली होती, चार दगडांची वाट बघत. मी आबांच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. राणी मी बनवली. तुमचं नाव मी घेतलं. तुम्ही त्या रविवारी मला सांभाळून घेतलंत, ते मी कधी बोलले नाही.

आबांना काही कळेना. "कसलं सांभाळून घेतलं?"

"गुरुजी आले होते तेव्हा. तुम्ही त्यांना सांगितलं न्हाई ना, की राणी खोटी हाय म्हणून."

"राणीचं मला काय ठावं? त्यांनी खाचा कशाच्या ते इचारलं, मी सांगितलं. सातीच्या साती घरं सांगितली बाय, नावानं. म्हटलं, पोरास्नी सांगू नगा, भुकेचं हाय, लाज वाटंल त्यास्नी. पन लिवून ठेवा कुठंतरी. म्होरं माझ्या ध्येनात ऱ्हायाचं न्हाई." मग शांतपणे म्हणाले, "लिवलं की त्यांनी. माझ्याम्होरं लिवलं. तवापास्नं मी निवांत हाय."

इतकी वर्षं मला वाटत होतं आबा माझ्यासाठी गप्प राहिले. इतकी वर्षं आबांना वाटत होतं ते लिहून झालंय, म्हणून गप्प राहायला हरकत नाही. एका छपराखाली आम्ही दोघं एकेक समज धरून बसलो होतो, आणि दोघांच्या मध्ये एक माणूस आपली डायरी खिशात घालून निघून गेला होता.

आबा म्हणाले, वाच बघू काय लिवलंय. मी नको म्हणत होते, पण अक्षताने वाचलं, वर्गात वाचतात तसं, स्पष्ट. राणी पळाली, बांगड्या काढल्या, राणी आली नाही. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"माझं नाव हाय त्यात?"

"व्हय," अक्षता म्हणाली.

"पुसता येतंय काय?"

त्यांनी दोरीचं टोक अंगठ्यात धरलं आणि पुन्हा वळायला लागले. थोड्या वेळाने अक्षताने हळूच विचारलं, आजा, चौथा दगड कुणाचा? आबा म्हणाले, "पुस्तकात हाय तेच लिव. मार्क पडतील."

त्यानंतर त्यांनी त्या दगडांबद्दल एक शब्द काढलेला नाही. अक्षता रोज वही घेऊन बसते. मी रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, माझ्याकडे घासाघीस करायचे जेवढे प्रकार आहेत तेवढे सगळे करून पाहिले. त्यांच्यापुढे एकही चालत नाही. त्या सात घरांपैकी आज दुसरं कुणी जिवंत नाही ज्याने स्वतःच्या हाताने तिथे पाटी बांधली होती. चार नावं एका म्हाताऱ्याच्या डोक्यात आहेत आणि तो म्हातारा रुसला आहे. दुसरी जागा गुरुजींची डायरी. असली तर.

मी गुरुजींना फोन केला. बेळगावात असतात. आवाज तसाच, मान तिरकी केल्याचं फोनवरसुद्धा कळतं. मला लगेच ओळखलं. म्हणाले, "अगं, ती राणी तुझीच ना? किती सुरेख लिहिली होतीस." म्हणजे ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी विचारलं, मग आबांचं नाव का घातलंत? ते म्हणाले, गोष्टीला आधार लागतो. मी विचारलं, आणि आबांनी जे खरं सांगितलं ते? तर म्हणाले, तुझ्या वडिलांनीच सांगितलं होतं मुलांना कळू देऊ नका, मी त्यांचा शब्द पाळला. शिवाय आपल्या लोकांचा इतिहास लिहायचा तो काय उपाशी माणसांचा? मुलांना अभिमान वाटेल असं काहीतरी नको का? डायरीचं विचारलं, तर म्हणाले घर बदलताना बरंच काही इकडेतिकडे झालं, शोधतो. पुढच्या आवृत्तीत बघू.

पुढच्या आवृत्तीत बघू. मी आयुष्यभर बाजारात आहे गुरुजी. माल परत घ्यायचा नसतो तेव्हा दुकानदार पुढच्या खेपेला बघू म्हणतो.

आणि अभिमान. आबांनी तुम्हाला अशा माणसांबद्दल सांगितलं होतं, जी स्वतः उपाशी असताना दुसरीच्या पाटीत मूठभर टाकत आणि तिला कळू देत नसत. तुम्हाला त्यात अभिमान वाटण्यासारखं काही दिसलं नाही. तुम्हाला बांगड्या हव्या होत्या. शब्द पाळला म्हणता, पण त्या माणसाने तुमच्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या: पोरांना सांगू नका, आणि लिहून ठेवा. सोपी होती तेवढी पाळलीत. मी तुम्हाला खोटा माल विकला, कबूल. मी बारा वर्षांची होते आणि मला शाळेत राहायचं होतं. तुम्ही तो पारखून, खोटा आहे हे ओळखून घेतलात, त्यावर माझ्या वडिलांचा शिक्का मारलात, आणि तीन पिढ्यांना पुढे विकलात. तुम्हाला कशात राहायचं होतं?

आज सकाळी मी काठावर गेले होते. सात दगड उभे आहेत. चौथ्याच्या खाचेत बोट घातलं. इतरांपेक्षा खोल आहे, आणि एका बाजूला जास्त झिजली आहे, म्हणजे त्या घराची पाटी इतरांपेक्षा जास्त वेळा पाण्यात गेली, आणि ओढ पडली ती एकाच अंगाला. एवढं दगडाने सांगितलं. घराचं नाव तो सांगू शकत नाही.

पावसाला अजून वेळ आहे. पाणी चढून दगड झाकले जायच्या आत तुम्ही या. डायरी सापडली तर घेऊन या, नाही सापडली तर रिकाम्या हाताने या. आमच्या ओसरीवर, जिथे बसला होतात तिथेच बसा. ताक मी यंदा समोर येऊन देईन. आबांच्या तोंडाकडे बघून सांगा की त्यांनी काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय छापलं. मग तुमचं लाल पेन काढा आणि अक्षताच्या वहीतल्या त्या तिनावर काट मारा, जशी माझ्या आठावर मारली होती. त्यानंतर आबा बोलले तर आपण सगळे मिळून लिहून घेऊ.

झीज खोटं बोलत नाही, हे फळ्यावर तुम्ही लिहिलं होतंत. चौथा दगड कुणाचा, गुरुजी? उत्तर द्या.